जांभळ्याच्या पलीकडची रेघ

मामा,

तुमचा राखी कोट अजून उत्तरेच्या खिडकीशेजारच्या खुंटीवर आहे. मामीने तो कोणाला देऊ दिलेला नाही आणि धुवायलाही घेतलेला नाही. तेराव्याचे जेवण होऊन चार दिवस झाले, पाहुणेमंडळी आपापल्या गावी परतली, आणि आज मी कारखान्यातून रजा घेऊन, सकाळी दहाच्या उजेडात, तुमच्याच स्टुलावर बसून हे लिहिते आहे. दहाच्या आधी आणि चारच्या नंतर रंगाबद्दल बोलायचे नाही, हा तुमचा नियम होता. मला रंगाबद्दलच बोलायचे आहे, म्हणून वेळ पाळली.

प्रश्न सरळ विचारते. त्या रविवारी माझ्या प्रयोगशाळेत तुम्हाला ती रेघ खरोखर दिसली होती का?

उत्तर येणार नाही, एवढे मला कळते. पण प्रश्न नीट मांडला नाही तर माझ्या डोक्यातला गुंता सुटणार नाही, आणि गेले सतरा दिवस मी तो गुंता घेऊन फिरते आहे. लोकांना वाटते, भाची दुःखात आहे म्हणून बोलत नाही. दुःख आहेच. परंतु त्याच्याहून मोठा भाग गोंधळाचा आहे, आणि तो कोणाला सांगावा हे सुचत नाही. कारण असा प्रत्येक गोंधळ आजवर मी तुमच्याकडेच आणत आले.

मी दहा वर्षांची असताना राजापूरजवळच्या आमच्या गावातून शिकायला म्हणून तुमच्या कल्याणच्या घरी आले. तुम्ही मोहन्याच्या बाजूला नदीकाठच्या एका लहानशा रंगखान्यात सूत रंगवण्याचे मास्तर होता. पहिल्याच आठवड्यात तुम्ही दोन निळ्या लडी माझ्या हातात दिल्यात आणि विचारलेत, “एकच रंग आहे की दोन?”

मी म्हटले, “ही जास्त छान आहे.”

“छान हा रंग नाही, शकू. हिच्यात काय कमी आहे ते सांग.”

मी अर्धा तास बघत बसले आणि शेवटी म्हणाले, “हिच्यात तांबडा कमी आहे.” तुम्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलात, “अगं, ऐकलंस का? पोरीला डोळा आहे!”

आतून मामी म्हणाली, “दोन आहेत. आता जेवायला पाठवा तिला.”

पुढे सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला रंगखान्यात नेऊ लागलात. हौदातून काढलेली ओली लड नेहमी गडद दिसते, म्हणून तिचे टोक चिमटीत पिळून, वाफेच्या नळावर धरून वाळवायचे. मग ती मूळ नमुन्याला चिकटवून उत्तरेच्या खिडकीत धरायची, उलटी करून पुन्हा धरायची, आणि दर वेळी मध्ये समोरच्या राखी भिंतीकडे पाहून डोळा कोरा करून घ्यायचा. अंगावर रंगीत कपडा असला तर त्याची झाक लडीवर पडते, म्हणून तुमचा कोट राखी. कुठल्याशा लग्नाला तुम्ही तोच घालून निघालात तेव्हा मामी म्हणाली होती, “बदला हो तो. वऱ्हाडात उंदीर शिरल्यासारखं दिसतं.” तुम्ही बदलला नाहीत. नवरीचा शालू नीट बघायचा आहे, म्हणालात.

माझ्या शिक्षकांनी मला निरीक्षण शिकवले असे मी अर्जांमधून लिहीत आले आहे. ते खोटे आहे. निरीक्षण मला तुम्ही शिकवलेत, त्या खिडकीत. मी विज्ञानशाखेला जाणार म्हटल्यावर मामीने कपाळाला हात लावला होता: “मुलीच्या जातीला कशाला त्या नळ्याबिळ्या?” तुम्ही वर न बघता उत्तर दिलेत, “नळ्या धुवायला नाही पाठवत. त्यांत काय आहे ते सांगायला पाठवतोय.”

म्हणूनच पुढे जे झाले ते मला अधिक अवघड वाटते. काय आहे ते सांगण्यासाठी तुम्ही मला पाठवलेत, आणि ज्या वेळी सांगायला हवे होते त्या वेळी मी सांगितले नाही.

मी पदवी घेऊन घरी होते. गर्द निळ्या सुताच्या लडी बांधलेल्या दोन गाठी भिवंडीच्या मागवाल्याने तुमच्याकडे परत पाठवल्या. एकाच गाठीतल्या लडी एकमेकींशी जुळत नाहीत, कापडावर पट्टे उठतात, असे त्याचे म्हणणे होते. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, “पाणी बदललंय. उल्हासच्या पाण्यात क्षार वाढले असणार. शकू, जरा तपासून देतेस?” मी कॉलेजातल्या ओळखीने पाणी तपासून आणले. त्यात काहीही बदललेले नव्हते. तसे कागदावर लिहून मी तुम्हाला दिले. तुम्ही तो कागद वाचलात, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलात आणि विचारलेत, “मग?”

मी म्हटले, “मग काही नाही. पाणी ठीक आहे.”

खरे तर त्याच आठवड्यात मला उत्तर मिळाले होते. मी घोटीव कागदाच्या बारा पट्ट्या रंगवल्या होत्या: काही पांढऱ्या, काही दुधी, काही गर्द निळ्या, काही काळ्या. ‘गंमत म्हणून लावून बघा’ असे म्हणून त्या तुमच्यापुढे टाकल्या. तांबड्या-पिवळ्यांच्या पट्ट्या तुम्ही माझ्यापेक्षा लवकर लावल्या होत्यात, त्या आदल्या दिवशी. या बारांमध्ये मात्र निळ्या आणि काळ्या एका ढिगात गेल्या, पांढऱ्या आणि दुधी दुसऱ्यात. तुम्ही हसून म्हणालात, “झाल्या बघ.” मीही हसले.

कारण काही गूढ नव्हते. माणसाच्या डोळ्यात बाहुलीमागे एक भिंग असते. लहानपणी ते जवळजवळ नितळ असते आणि वयाबरोबर त्याला पिवळी झाक चढत जाते. पिवळी काच जे करते तेच ते करते: तांबडा, पिवळा, हिरवा यांना जाऊ देते आणि निळा-जांभळा अडवून स्वतःच गिळते. माणसाला हे कळत नाही, कारण बदल वर्षानुवर्षे होतो आणि मेंदू त्याच्याशी जुळवून घेत जातो. पांढरे त्याला पांढरेच वाटत राहते. परंतु जो प्रकाश आत शिरलाच नाही, तो सवय परत आणू शकत नाही. गर्द निळ्यातला निळा तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हता. उरत होता तो काळोख, आणि काळ्यातही तोच काळोख होता.

हे सगळे मला ठाऊक होते आणि मी सहा महिने गप्प राहिले. का? मी स्वतःला सांगत असे की तुम्हाला दुखवायचे नाही म्हणून. ते कारण अर्धे होते. कोलशेतच्या रस्त्यावरच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मी अर्ज केला होता. तिथले मुख्य रसायनतज्ज्ञ तुम्हाला ओळखत. ‘मास्तरांनी नजर टाकली की आम्ही दुसऱ्यांदा बघत नाही’ असे ते म्हणत, आणि तुम्ही माझ्यासाठी त्यांच्याकडे शब्द टाकला होता. ज्या माणसाच्या नजरेवर माझी शिफारस उभी होती, त्याची नजर गेली आहे हे मी कसे बोलणार होते? मामा, हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. जागा मला मिळाली. त्यानंतरही मी बोलले नाही, कारण तोवर न बोलण्याची सवय झाली होती.

मग कुसुमचा साखरपुडा आला. आपल्या एकुलत्या एक लेकीसाठी तुम्ही पांढरी रेशमी साडी आणून ती स्वतःच्या हाताने रंगवलीत. दोन रविवार तुम्ही त्या पातेल्याशी उभे होता आणि कोणाला जवळ फिरकू देत नव्हता. पुडके उघडले ते थेट बैठकीत, वरपक्षाची मंडळी बसलेली असताना. मामीने घडी उलगडली.

“गर्द निळी,” तुम्ही म्हणालात. “असा निळा मुंबईच्या बाजारात मिळायचा नाही.”

कुसुमच्या होणाऱ्या सासूबाई भल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “हौसेनं केलीय हो, दिसतंय. पण आजच्या दिवशी काळी कशाला? संक्रांतीला नेसेल.”

“काळी?” तुम्ही मनापासून हसलात. “विहीणबाई, चाळीस वर्षं रंगात काढली मी.” आणि माझ्याकडे वळलात. “शकू, सांग यांना.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खिडकीशी साडी नेली, उलटी करून पाहिली, राखी भिंतीकडे बघून पुन्हा पाहिली. तुम्ही शिकवलेले सगळे मी त्या क्षणी यथासांग केले. आणि म्हटले, “मामा, काळी आहे.”

मामी किती चटकन सावरते! “अहो, संक्रांतीचीच ती. पुडकं चुकलं यांचं. कुसुम, ऊठ, ती हिरवी नेस.” मंडळी हसली, पेढे फिरले, साखरपुडा व्यवस्थित पार पडला. तुम्ही तेवढा वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होता आणि तुमचा हात कोटाच्या खिशात होता.

पाहुणे गेल्यावर गॅलरीत तुम्ही विचारलेत, “किती दिवस झाले तुला कळून?”

“सहा महिने.”

“म्हणजे पाण्याच्या वेळेपासून.”

“हो.”

“मग तेव्हा गप्प बसलीस आणि आज चारचौघांत बोललीस?”

“आज तुम्ही विचारलंत, मामा.”

“तेव्हाही विचारलं होतं.”

मला वाटले, तुम्ही पाण्याबद्दल म्हणता आहात. दुसऱ्या दिवशी तुम्ही रंगखान्यात जाऊन काम सोडल्याचे सांगून आलात. आपण एका घरात राहून चार महिने फक्त ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘दार लाव’ एवढेच बोललो.

तुमच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू तोवर पिकत आला होता. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तुम्हाला निजवून ठेवले होते, आणि मामी सांगत होती की लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस एका जागी सापडला आहे. डॉक्टरांनी काढलेले भिंग मी त्यांच्याकडून मागून घेतले आणि पाहिले. ते काकवीच्या रंगाचे होते. मी ते उजेडात धरले आणि माझ्या मनात आले की तुमच्या हातून गेलेल्या त्या निळ्या गाठी, ती साडी, सगळे या एवढ्याशा थेंबातून गाळून तुमच्यापर्यंत येत होते. तेव्हा तुमची क्षमा मागावी असे वाटले. पट्टी सुटल्यावर मागू, असे ठरवले.

पट्टी सुटल्यावर तुम्हीच इतके बोललात की मला संधी मिळाली नाही. जाड भिंगाचा चष्मा चढवून तुम्ही घरभर फिरत होता, एकदा एका डोळ्यावर हात ठेवून, एकदा दुसऱ्या. “हे धोतर बघ. डाव्यानं बघितलं तर चहात बुडवल्यासारखं, उजव्यानं बघितलं तर नीळ जास्त झाल्यासारखं. खरं कुठलं गं, शकू?” मी शास्त्रशुद्ध उत्तर दिले: उजवा डोळा आता भिंगाशिवाय आहे, म्हणून निळा पुरेपूर आत येतो; काही आठवड्यांत सवय होईल. तुम्ही म्हणालात, “मी सवयीचं नाही विचारलं. खरं कुठलं ते विचारलं.” ते मला तेव्हा सांगता आले नाही आणि आजही येत नाही.

परत आलेल्या गाठींतल्या लडी तुम्ही जपून ठेवल्या होत्या. त्या खिडकीत धरून तुम्ही उजव्या डोळ्याने पाहिल्यात आणि दोन मिनिटांनी म्हणालात, “भिवंडीवाला बरोबर होता. चूक माझीच.” इतके साधे. मग तुम्ही ट्रंकेतून ती साडी काढलीत, तीच, आणि ती बराच वेळ उलटसुलट करून म्हणालात, “ही मात्र काळी नाही. निळी आहे. जांभळ्याच्याही पुढचा काहीतरी निळा आहे हिच्यात.”

“झालं, पुन्हा सुरू!” मामी म्हणाली. “एक डोळा नवा काय मिळाला, साडीच बदलली यांची.”

मी पाहिली. मला काळीच दिसली. मी म्हटले, “मामा, लडींबद्दल तुम्ही मान्य केलंत, मग हिच्याबद्दल हट्ट कशाला?”

“लडींत चूक दिसली म्हणून मान्य केलं. हिच्यात दिसत नाही. तुझ्या कारखान्यात रंग मोजायचं यंत्र आहे ना? चल, माझा डोळा मोज त्याच्यावर.”

म्हणून त्या रविवारी आपण कोलशेतला गेलो. तुम्ही राखी कोट घातला होता. मी पाऱ्याचा दिवा लावला, त्याचा प्रकाश फटीतून लोलकावर सोडला आणि तुम्हाला दुर्बिणीच्या नळीशी बसवले. पाऱ्याच्या प्रकाशाची फोड केली की अंधारात सुट्या रंगीत रेघा दिसतात: शेजारी शेजारी दोन पिवळ्या, एक लखलखीत हिरवी, एक निळी, आणि सर्वांत शेवटी जांभळी. तुम्ही एकेक रेघ बरोबर सांगत गेलात. मला हायसे वाटले. चाचणी संपली असे समजून मी वहीत खुणा केल्या.

“आणि त्याच्या पलीकडची?” तुम्ही विचारलेत.

“पलीकडे काही नाही, मामा. जांभळी शेवटची.”

“आहे. फिकी आहे, पण आहे. पारव्याच्या मानेवर असतो ना, तसला रंग.”

मी तुम्हाला उठवून स्वतः पाहिले. तिथे काळोख होता. मी म्हटले, चष्म्याच्या जाड काचेतले परावर्तन असेल. तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि नळी पुढेमागे करून पुन्हा पाहिलेत. रेघ होती. त्या रेघेसाठी नळी किंचित वेगळी लावावी लागते, असेही तुम्ही सांगितलेत. मग मी न सांगता तुम्ही उजवा डोळा मिटून डावा लावलात. “डाव्यानं दिसत नाही. उजव्यानंच दिसते.”

“बघा! म्हणजे डोळ्याच्या आतलंच काहीतरी आहे.”

“डोळ्याच्या आतलं काढून टाकलंय ना गं, म्हणून तर दिसतंय!”

मी हे ऐकले, मामा. कानांनी ऐकले. आणि मला काय वाटत होते ते लिहिते: मला वाटत होते की सोमवारी साहेबांना या यंत्राची कोष्टके दाखवायची आहेत, त्यावर मला रंगमापनाच्या विभागाचा ताबा मिळणार की नाही ते ठरणार आहे, आणि इथे माझा वेळ जातो आहे. पुस्तकात लिहिले होते की माणसाचा डोळा जांभळ्याशी थांबतो. एकदा तुमचा डोळा चुकलेला मी पकडला होता, तेव्हा यापुढे तो चुकणारच, असे मी नकळत धरून चालले होते.

तुम्ही नळीतली उभी तार त्या रेघेवर आणून ठेवलीत. “आता आकडा वाच आणि लिही.” मी तबकडीवरचा आकडा भिंगातून वाचला आणि लिहिला. शेवटच्या रकान्यात शेरा लिहिला: ‘निरीक्षक वृद्ध. नोंद ग्राह्य नाही.’

“काय लिहिलंस?” जवळचे वाचायचा चष्मा तुमचा अजून व्हायचा होता.

“आकडा,” मी म्हटले.

परत येताना बसमध्ये तुम्ही खुशीत होता. पारव्याचा तो रंग सुतावर उतरवता आला तर काय बहार होईल, असे काहीतरी बोलत होता. मी हो हो करत होते. विभागाचा ताबा मला मिळाला. तुम्ही पेढे आणलेत. त्यानंतर आपल्याला साडेतीन आठवडे मिळाले आणि त्यांत मी एकदाही तो विषय काढला नाही.

तुमच्या रंगखान्यातला बाळाराम, मिठागराच्या गावचा, तीस वर्षे तुमच्या हौदावर असलेला, दहाव्याच्या आदल्या दिवशी भेटायला आला. ओट्यावर बसून डोळे पुसत होता. म्हणाला, “मास्तर गेलं. आता निला कोन वलखील?” मग आवाज उतरवून म्हणाला, “बाय, तुला सांगतो. दोन वरसां मास्तर मना इचारायचं, ‘बाला, निला बरा हाय ना रं?’ मी बोलायचो, ‘बरा हाय, मास्तर.’ मना काय कलतंय त्यातला? पन मास्तरांना नाय कसा बोलू?”

दोन वर्षे. म्हणजे पाण्याच्या आधीपासून तुम्हाला शंका होती. तुमच्या शंकेला होय म्हणणारा एकही माणूस तुम्हाला मिळत नव्हता, कारण आम्ही सगळे तुम्हाला मान देत होतो. मग तुम्ही घरातल्या त्या माणसाकडे आलात, ज्याला काय आहे ते सांगायला शिकवले होते. पाणी तपासून घेतलेत. आणि कागद वाचून विचारलेत, “मग?” तो प्रश्न पाण्याबद्दल नव्हता, असे मला आता वाटते. पण कोणास ठाऊक. कदाचित तो पाण्याबद्दलच असेल आणि मी आज त्यात नको ते वाचत असेन. तुमच्या बाबतीत माझे कुठलेच अनुमान आता तपासता येत नाही.

एवढे एक तपासता येत होते. काल मी प्रयोगशाळेत जाऊन ती वही काढली. तुमचा आकडा आलेखावर मांडला, दिसणाऱ्या रेघांचा वक्र जांभळ्याच्या पुढे वाढवून. तो बरोबर जिथे पडला तिथे, छापील कोष्टकात, पाऱ्याची एक रेघ दिलेली आहे. अदृश्य, असे तिच्यापुढे लिहिले आहे. मी नळीच्या जागी छायाचित्राची काच लावली, दिवा लावला, काच धुतली. त्या जागी रेघ उमटली. ज्या काचेला डोळा नाही तिलाही ती दिसली, आणि तुम्हाला दिसली होती. मला नाही.

आता मी ज्या निष्कर्षापाशी येते तो असा: ते भिंग तुमच्या म्हाताऱ्या डोळ्यापुरते नव्हते. पंचविशीच्या माझ्या डोळ्यातही ते आहे, आणि माझ्या वयालाही ते जांभळ्यापलीकडचा प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत जाऊ देत नाही. तुम्ही म्हणालात तसे आतले काढून टाकले, म्हणून तो आत गेला. माझ्यापेक्षा अधिक पाहणारा डोळा माझ्यासमोर बसला होता, त्याने स्वतःच डावा-उजवा ताडून पाहिले होते, आकडा दिला होता, कारणही सांगितले होते. शास्त्रज्ञाला आणखी काय हवे असते? त्या दिवशी मी तुम्हाला चार वेळा बसवले असते, दिवा न सांगता विझवून पाहिला असता, तर ते एक रीतसर संशोधन झाले असते; माझे नाव झाले असते, हेही मनात येऊन गेले, तुमच्यापासून काय लपवू. आता उरली आहे एका निरीक्षकाची एक नोंद, तीही मीच बाद ठरवलेली.

आणि साडी? ती माझ्या मांडीवर आहे. उत्तरेच्या उजेडात, उलटी करून, भिंतीकडे बघून, पुन्हा पाहिली. मला काळी दिसते. कुसुमला काळी दिसते. मामी म्हणते, “काळीच आहे गं. पण ते निळी म्हणाले ना, मग असू दे निळी.” तुकडा कापून तपासता येईल. कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. ज्या रविवारी तुम्ही ती रंगवत होता, त्या वेळी पिवळ्या भिंगातून तुम्हाला काय दिसत होते? निळा दिसेना म्हणून तुम्ही रंग वाढवत गेलात, हे नक्की. मग नव्या डोळ्याने तुम्हाला जो दिसला, तो तुम्हीच घातलेला निळा होता की लेकीसाठी घालायचा होता तो? हे मला कळत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, “हिच्यात काय कमी आहे ते सांग.” मामा, हिच्यात कमी आहे तो माझा डोळा, की तुमचा, हे सांगणारे तिसरे माणूस नाही.

क्षमा मी मागितली नाही. पट्टी सुटल्यावर मागणार होते, मग बसमध्ये मागता आली असती, मग पेढ्यांच्या दिवशी. आज इथे लिहून मागते आहे, पण तुमची वाचायची चाळिशी इस्पितळातून आली तेव्हा तुम्ही गेला होतात. तीसुद्धा खिडकीत ठेवली आहे.

पावणेचार झाले. उजेड आहे तोवर एक काम उरकते. वही मी बरोबर आणली आहे. प्रयोगाच्या वहीत काही खोडून टाकायचे नसते. एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे आधीची चूक वाचता येते. ‘निरीक्षक वृद्ध. नोंद ग्राह्य नाही’ यावर मी तशी रेघ मारली, आणि त्याच्या खाली लिहिले:

‘निरीक्षकाला रेघ दिसली. नोंद करणारीला दिसली नाही.’